कॅमेरा नसलेले बेलीफ

मोठेपणी बेलीफ व्हायचंय, असं म्हणणारं मूल अजून जन्माला यायचंय. मुलं वैमानिक होतात, डॉक्टर होतात, एखादं फारच भांडखोर पोर वकील होतं. पण लोकांच्या दारांवर कोर्टाचे कागद चिकटवायचं स्वप्न कुणी पाहत नाही. आमच्या शेजारच्या बेलिफांनीही पाहिलं नव्हतं. त्यांनी अर्ज केला होता टायपिस्टच्या जागेचा. परीक्षेत त्यांची बोटं इतकी सावकाश चालली की परीक्षक म्हणाले, "याला पायांचं काम द्या." तेव्हापासून एकोणतीस वर्षं आणि पाच महिने ते चालत होते.

उंची बेताची, पोट नम्र, आणि आवाज असा की फोनवर लोक विचारायचे, "घरात कुणी मोठं आहे का?" खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात समन्स, नोटिसा, डिंकाची बाटली, जेवणाचा डबा आणि सह्या घ्यायला तीन पेनं, त्यातलं एक चालणारं. कुठल्याही दारावर दोनदा टकटक करून ते दोन पावलं मागे सरकून उभे राहत. का, तर दार उघडणाऱ्याला आधी अख्खा माणूस दिसावा; नुसतं नाक आणि कागद दिसला की माणूस दचकतो.

पण त्यांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे आदल्या दिवशीची खेप. जप्तीचं वॉरंट हातात पडलं की नेमलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी ते एकटेच त्या घरी जाऊन यायचे. साक्षीदार नाहीत, हमाल नाहीत, टेम्पो नाही. दारात उभं राहून सांगायचे, "उद्या यावं लागणार आहे. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, अंगावरचे कपडे आणि ज्यावर तुमचं पोट चालतं ती अवजारं, यांना कुणी हात लावणार नाही. बाकीचं दाखवावं लागेल. आणि हप्ते पाडून मागायचा अर्ज खिडकी क्रमांक चारवर मिळतो. तिथल्या बाई दीडला जेवायला जातात, त्याआधी गाठा." या खेपेला कायद्यात जागा नव्हती आणि भत्ताही नव्हता. "अहो, आदल्या दिवशी सांगितल्यावर लोक टीव्ही लपवत नाहीत का?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "लपवतात ना. पण शेजाऱ्याकडे ठेवलेला टीव्ही परत मिळवायला माझ्यापेक्षा जास्त चकरा माराव्या लागतात. पुन्हा कुणी लपवत नाही."

लोक त्यांना शिव्या देत नसत असं नाही. पण शिव्या देऊन झाल्यावर बसायला स्टूल देत. एकोणतीस वर्षांत त्यांनी जितके चहा प्यायले, तितके त्या त्या घरच्या जावयांनीही प्यायले नसतील.

आणि मग टीव्हीवर 'उघडा दार!' सुरू झालं.

दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता. खरीखुरी माणसं, खरीखुरी कर्जं, खरीखुरी जप्ती, असं सुरुवातीलाच एक घोगरा आवाज सांगायचा. त्यातला वसुलीवाला म्हणजे सहा फुटांचा धिप्पाड गडी. काळं जाकीट, जाकिटाला अकरा खिसे. बेलिफांच्या थोरल्या बहिणीने ते मोजले होते. त्या अकरा खिशांतून आजवर एक रुमालसुद्धा बाहेर आला नव्हता, पण होते अकरा. डोळ्यांवर घरातही गॉगल. तो दारावर टकटक करत नसे, दाराला बडवत असे. "तीन मोजतो!" म्हणायचा, मागे ढोल वाजायचे, आणि बावीस मिनिटांत तीन घरं रिकामी. शेवटी कुणाचा तरी रडका चेहरा अगदी जवळून, तोही संथ गतीत.

बेलिफांच्या ताई या कार्यक्रमाच्या निस्सीम भक्त. बेलीफ एकटे, ताईही एकट्या. दोघं भावंडं एकाच घरात, एकाच टीव्हीपुढे. ताई तर आणखी मोठ्या पडद्याच्या टीव्हीसाठी दोन वर्षं डब्यात पैसे साठवत होत्या.

"तुमच्या कोर्टात असं जाकीट मिळत नाही का रे?"

"नाही."

"मागून तर बघ. एवढी वर्षं घासलीस तिथे."

"मला दोन खिसे पुरतात, ताई."

"तेच तर! दोन खिशांच्या माणसाला कोण घाबरणार? ते बघ, ते बघ, त्याने माशांची पेटी उचलली. माशांसकट!"

"मासे नेत नाहीत गं जप्तीत."

"गप बस. समोर दिसतंय ना?"

समोर दिसत होतं खरं. चुकून नेलेली वस्तू आठ दिवसांनी हुकमाने परत जाते, ते मात्र दिसत नव्हतं. कागद वाचणं, तारीख पडणं, खिडकी क्रमांक चारपुढची रांग, यातलं काहीच दिसत नव्हतं. रांगेवर कोण ढोल वाजवणार?

हळूहळू बेलिफांच्या हद्दीतली दारं बदलली. एका केशकर्तनालयाचे मालक, नोटीस बघताच, आत जाऊन भांग पाडून आले आणि विचारू लागले, "कुठल्या बाजूने घेताय? माझी डावी बाजू बरी दिसते." कॅमेरा नाही म्हटल्यावर त्यांनी नोटीस परत केली, खरी जप्ती कॅमेऱ्याशिवाय होत नाही, एवढं त्यांना कळत होतं! एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर 'ही माझी नाही' अशी सुबक अक्षरात चिठ्ठी लावली होती. चष्म्यावरसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण दाराआडून ओरडला, "आत पाऊल टाकू शकत नाही तुम्ही! आठव्या भागात दाखवलंय!" बेलीफ म्हणाले, "मला आत यायचंच नाहीये, उद्याचं सांगायला आलोय." आतून आवाज आला, "आदल्या दिवशी कुणी येत नसतं!"

इथवर हसण्यासारखं होतं. बेलीफ घरी येऊन हे सगळं सांगत आणि ताई चहा सांडेपर्यंत हसत. पण रात्री पिशवी खुंटीला लावताना ते मध्येच म्हणायचे, "आज सहा दारं. एकही उघडलं नाही." आणि मग उगाच चालणारं पेन कुठलं ते शोधत बसायचे.

त्या सगळ्या दारांत एक दार होतं, ज्याच्याबद्दल ते घरी काहीच सांगत नसत.

ते होतं शिवणवाल्या बाईंचं. लांबट गल्लीच्या टोकाला तळमजल्यावरची एक खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या चेन, डब्यांत रंगांप्रमाणे लावलेली बटणं, आणि कोपऱ्यात लोकांच्या पँटींचा ढीग, ज्यांची पोटं गेल्या वर्षभरात वाढली होती. बाईंचं स्वतःचं कर्ज एका पैशाचं नव्हतं. धाकट्या भावाने मालवाहू गाडी घेतली, बाई जामीन राहिल्या, गाडी चालली, भाऊ गाडीसकट लांबच्या गावाला निघून गेला आणि जामीन इथेच राहिली.

पहिलं समन्स घेऊन बेलीफ गेले त्याला तीन वर्षं झाली. बाईंनी कागद घेतला, शांतपणे वाचला, सही केली आणि म्हणाल्या, "तुमच्या मनगटाचं बटण लोंबतंय. हात द्या इकडे." शर्ट न काढता, मनगटावरच, दोन मिनिटांत बटण पक्कं झालं. दोरा दाताने तोडताना त्यांचं डोकं बेलिफांच्या हातापासून चार बोटांवर होतं. बेलीफ बाहेर पडले ते चुकीच्या दिशेने, आणि तिसऱ्या चौकात त्यांच्या लक्षात आलं.

त्यानंतर तीन वर्षांत चार वेळा ते दार त्यांनी वाजवलं. चारही वेळा पिशवीत कागद होता. इतरांची माया पत्रांतून वाढते म्हणतात. यांचीही पत्रांतूनच वाढली, फक्त प्रत्येक पत्राखाली सही वित्तसंस्थेच्या वकिलाची. बाईंना पुन्हा कागद येऊ नये असं त्यांना मनापासून वाटे, आणि टपालाचा गठ्ठा सोडताना बोटं आधी तेच नाव शोधत. कागदाशिवाय जायला काय हरकत होती? हरकत अशी की बिनकामाचं दार कसं वाजवायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. एकदा त्यांनी घरी बसून शर्टाचं एक चांगलं बटण मुद्दाम ओढून काढलं. मग वाटलं, सरकारी माणसाने देणेकऱ्याकडून फुकट काम करून घ्यावं? लाज वाटली आणि ते बटण त्यांनी स्वतःच परत लावलं. वाकडं. तो शर्ट पुढे त्यांनी कोर्टात कधी घातला नाही.

आणि एका बुधवारी जप्तीचं वॉरंट आलं. उद्याची तारीख.

बेलिफांनी आयुष्यात पहिल्यांदा आदल्या दिवशीच्या खेपेसाठी शर्टाला इस्त्री केली. गल्लीत शिरताना काय बोलायचं ते मनात घोळवत होते. 'बाई, मुळीच घाबरू नका. मशीनला कुणी हात लावू शकत नाही. कात्री, इस्त्री, दोरे, काही नाही. बाकी तुमच्याकडे आहे काय? एक कपाट. मी उद्या येतो, लिहितो की जप्त करण्याजोगं काही नाही, आणि तुम्ही हप्त्यांचा अर्ज करा. झालं.' एवढं बोलून झाल्यावर, बाई कदाचित म्हणतील, बसा.

गल्लीच्या तोंडाशी मशीनचा आवाज येत होता. त्यांनी टकटक केलं आणि आवाज थांबला.

"कोण?"

"मी. कोर्टातून."

आतून कडी पक्की केल्याचा आवाज आला. मग, "किती जण आहात?"

"एकटाच आहे."

"कॅमेरा?"

"कॅमेरा कुठला, बाई? मी आहे. बेलीफ. मागे बटण लावलं होतंत तुम्ही."

"तोसुद्धा आधी असंच गोड बोलतो. मग गॉगल चढवतो."

"माझ्याकडे गॉगल नाही हो. वाचायचा चष्मा आहे. दार जरासं उघडा, पाच मिनिटांचं बोलणं आहे."

"दार उघडलं की पाय घालतात फटीत. मी बघितलंय."

"बरं, उघडू नका. इथूनच सांगतो. तुमचं मशीन..."

मशीन हा शब्द ऐकला मात्र, आतून जड काहीतरी फरशीवर ओढल्याचा आवाज आला. "मशीनचं नाव काढू नका!" बाई ओरडल्या. त्यांचा आवाज चढलेला बेलिफांनी कधी ऐकला नव्हता. "जा तुम्ही! उद्या या, जसे येता तसे या. आज जा!" आणि आत रेडिओ मोठ्याने सुरू झाला. बेलीफ त्या रेडिओशी थोडा वेळ बोलले. कायद्याचं अख्खं कलम त्यांनी बंद दाराला म्हणून दाखवलं. समोरच्या खिडकीतून एक आजोबा म्हणाले, "अहो, तीन मोजा की!" बेलीफ म्हणाले, "मोजून काय करू?" आणि निघाले.

गुरुवारी दोन साक्षीदार घेऊन ते गेले, तर दार सताड उघडं. बाई मधोमध उभ्या, हात बांधून, मान ताठ. परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखा चेहरा.

"या. बघा. न्या काय न्यायचं ते."

खिडकीशी फरशीवर चार काळपट गोल डाग होते. मशीनचे पाय जिथे वर्षानुवर्षं टेकले होते तिथे. बाकी काही नव्हतं.

"मशीन कुठे आहे, बाई?"

"विकलं. काल दुपारीच. जुन्या सामानवाल्याला." बाईंच्या आवाजात विजय होता. "तिसऱ्या हिश्शातही गेलं नाही, पण तुमच्या हाती तर नाही लागलं!"

बेलिफांनी वॉरंट पिशवीत ठेवलं. मग पुन्हा बाहेर काढलं. काय करावं हे हातांना कळत नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "या घरात एकच वस्तू अशी होती, जिला मी हात लावू शकत नव्हतो. मीच काय, न्यायाधीशसुद्धा. तेवढंच सांगायला आलो होतो काल."

बाई हसल्या. "अस्सं? आणि शिंपीणबाईचं मशीन नेलं मागच्या मंगळवारी, ते? ती बिचारी पायरीवर बसून रडत होती ते?"

"ते परत द्यावं लागलं असणार. तेवढं दाखवत नाहीत."

"मला खात्री करून घ्यायची होती म्हणून मी विचारलं सुद्धा. पडदे न्यायला ताई आल्या होत्या ना, तुमच्याच ताई. म्हटलं, तुमचे भाऊ याच खात्यात, तुम्हाला ठाऊक असेल, मशीन नेतात का हो? त्या म्हणाल्या, अगं नेतात म्हणजे काय, मी डोळ्यांनी बघितलंय." एवढं बोलता बोलता बाईंचा आवाज मध्येच बारीक झाला. त्यांनी बेलिफांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आणि मग, सवयीने, स्टूल ओढून जिथे मशीन नव्हतं तिथे त्या बसल्या. दोन्ही हात पुढे कापड सरकवायला ठेवतात तसे मांडीवर.

बेलिफांनी अहवाल लिहिला: जप्त करण्याजोगं काही नाही. एका साक्षीदाराने चालणारं पेन शोधून दिलं. निघताना त्यांना बोलायचं पुष्कळ होतं. ते एवढंच म्हणाले, "खिडकी क्रमांक चार. दीडच्या आत."

घरी आल्यावर त्यांनी ताईंना सगळं सांगितलं. आवाज न चढवता. त्यांना चढवता येतच नव्हता.

"ताई, एकोणतीस वर्षं मी रोज घरी येऊन सांगतोय, अवजारं नेत नाहीत."

ताईंनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "तू सांगतोस रे. पण तो दाखवतो." आणि पदराने नाही, हाताच्या पाठीने त्यांनी डोळे पुसले. "तिने मला विचारलं, तेव्हा तू आठवलाच नाहीस मला. जाकीटवाला आठवला."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? कोण आहे रे ती तुझी?"

"कुणी नाही."

"कुणी नाही, म्हणून काल इस्त्री केलीस होय?"

दुसऱ्या दिवशी ताई टीव्हीसाठी साठवलेल्या पैशांचा डबा घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने बाईंना दिलेल्या पैशांच्या दुप्पट किंमत सांगितली. तेव्हा ताईंनी गल्ल्यावर अशी मूठ आपटली की वरचं घड्याळ थांबलं, आणि म्हणाल्या, "तीन मोजते!" दुकानदार दोनालाच खाली आला. त्या कार्यक्रमाने समाजाचं काही भलं केलं असेल तर तेवढंच.

मशीन भावंडांच्या घरी आलं, कारण बाईंनी ते फुकट घ्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, दान नको, मशीन तुमचं, मी भाड्याने चालवीन. आता बेलिफांनी काय करावं? गुपचूप बसावं? ते सोमवारी सकाळी हेडक्लार्ककडे गेले आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. हेडक्लार्कने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही निवृत्त व्हायला सात महिने राहिलेत. कशाला ओढवून घेता?" मग थोडा विचार करून म्हणाले, "बहिणीचं मशीन, बहिणीचा व्यवहार, त्याला माझी ना नाही. ती फाइल मी दुसऱ्याकडे देतो. पण तुम्ही नोकरीत आहात तोवर ती बाई आणि तुम्ही एका खोलीत दिसता कामा नये. कुणी तक्रार केली तर पेन्शन जाईल."

"बरं," बेलीफ म्हणाले.

बाईंना हप्ते पाडून मिळाले. आता त्या रोज सकाळी अकराला ताईंकडे येतात आणि साडेपाचला जातात. बेलीफ पाचला सुटतात. पाच वाजून वीस मिनिटांनी ते आमच्या इमारतीच्या फाटकाशी येतात आणि फाटकाजवळच्या बाकावर बसतात. वरच्या खिडकीतून मशीनचा आवाज येतो, मध्येच ताईंचा आवाज येतो, मध्येच दोघी हसतात. कशाला हसतात ते खाली ऐकू येत नाही. मग ताईंना विचारावं तर त्या म्हणतात, "काही नाही रे, असंच." जगातली सगळ्यात त्रासदायक उत्तरं बहिणींकडे असतात.

ताई मंगळवारी अजूनही 'उघडा दार!' लावतात, जुन्या छोट्या टीव्हीवर. पण आता त्या पडद्याला ओरडतात, "अरे मेल्या, ती भट्टी आहे त्याची! पोट चालतं त्यावर! ठेव खाली!" वरच्या मजल्यावरच्या लोकांनी एकदा तक्रार केली. ताईंनी त्यांना दारातच अवजारांचं कलम म्हणून दाखवलं.

साडेपाच वाजले की बाई जिना उतरतात. बेलीफ बाकावरून उठून उभे राहतात, न्यायाधीश आल्यावर उठतात तसे. बाकावर बसून एकत्र दोन शब्द बोलायलाही तसा काही प्रतिबंध नाही. हुकूम खोलीपुरता आहे. हे आम्ही त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हुकमात फट दिसली म्हणून पाय घालू नये." म्हणून ते उभ्यानेच बोलतात.

"आज ऊन होतं," बाई म्हणतात.

"हो. फिरायला त्रास झाला."

"टोपी घालत जा."

"बरं."

"किती राहिले?"

"चार महिने, अकरा दिवस."

"होतील," बाई म्हणतात आणि फाटकाबाहेर पडतात. कोपऱ्यापर्यंत त्या एकदाही वळून बघत नाहीत. आणि कोपऱ्यापाशी रोज कुठली तरी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला थांबतात.

मग बेलीफ वर जातात. मशीनवर झाकण असतं. खाली धाग्यांचे तुकडे पडलेले असतात, ते ताईंनी झाडायचे राहिलेले असतात, किंवा ठेवलेले असतात. ताईंचं काही सांगता येत नाही. मशीनपुढे लाकडी खुर्ची, तिच्यावर बसायला जुनी उशी. बेलीफ हातपाय धुऊन येतात आणि त्याच खुर्चीवर बसतात.

"इकडे पंख्याखाली बस की रे," ताई आतून म्हणतात. "ती खुर्ची गरम असते."

"असू दे," बेलीफ म्हणतात.